माशाच्या कल्ल्यातला तीन शेपट्यांचा पाहुणा

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार. (पंधरा दिवस सूक्ष्मदर्शकावर वाकून मान तशीच अडकली आहे, तरी नमस्कार मनापासूनचाच समजावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा राग कसा आहे? दोन्ही उतरणीला लागले असावेत.

मामा, मी जिंकले! माशाच्या कल्ल्यात मला एक परोपजीवी सापडला, जगात आजवर कुणीच न ओळखलेला. केसाच्या जाडीत सात-आठ शेजारी शेजारी बसतील एवढासा, भोपळ्याच्या बीसारखा, आणि मागे तीन शेपट्या. आमच्या विभागप्रमुखांनी (पाठीमागे आम्ही त्यांना नकारघंटा म्हणतो) डोकावून सांगितलं, "धूळ आहे. भिंग पुसा." पुसलं. धूळ तिथेच. मग म्हणाले, "मासा शिळा असेल." महिनाअखेर काही निघालं नाही, तर माझं टेबल दुसऱ्याला द्यायचं ठरलेलंच होतं.

म्हणून ताजे मासे आणायला मी तळ्याकाठच्या मासेवालीकडे गेले आणि गिऱ्हाइकांदेखत विचारून बसले, की यातले किडेवाले कुठले? झालं! बाईंनी कोयता खाली ठेवला (हे त्यांचे उपकार) आणि माझी अशी बिनपाण्याने केली, की गिऱ्हाइकं पांगली आणि अख्खी टोपली मलाच घ्यावी लागली. पण कल्ल्यावरचे पांढरे ठिपके (एकेका ठिपक्यात हे जीव हजारोंनी असतात) दाखवले तशा त्या निवळल्या. "हे होय? हे लव्हाळ्याकडच्या माशांनाच असतात. वीस वर्षं बघतेय की!" वीस वर्षं, मामा! आणि त्यांना विचारावं हे आमच्यापैकी एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

लव्हाळ्याकडचे एकेचाळीस मासे तपासले. छत्तीसांत तीन शेपट्या. नकारघंटांनी स्वतः मापं घेतली, तीनदा, आणि चष्मा पुसत विचारलं, "टेबल खिडकीजवळ हवंय का तुम्हाला?" मग नमुने परदेशातल्या एका तज्ज्ञबाईंना पाठवले. काल त्यांचं उत्तर आलं: जात नवीच. नाव मासेवालीबाईंचं देतेय. "किड्याला माझं नाव?" म्हणून त्या माझ्यावर कडाडल्या, आणि मग दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत बसल्या.

मामींना साष्टांग.

तुमची (आता शास्त्रीयदृष्ट्याही सिद्ध) हुशार भाची

ता.क. हा जीव माणसाला काहीही करत नाही. घाबरू नये.

ता.क. २. हे आत्ता सांगायचं कारण, संग्रहालयाला आजच एक न कापलेला मासा हवाय, माझे सगळे कापून झाले आणि मासेवालीबाईंची टोपलीही रिकामी. व्याह्यांच्या जेवणासाठी आईने तुमच्याकडे पाठवलेले दोन मासे लव्हाळ्याकडचेच आहेत.

ता.क. ३. पत्र आणणारे आमचे शिपाईकाका बर्फाची पेटी घेऊन दारातच थांबलेत. मामींना तुम्हीच सांगा.