पाच माद्या आणि एक काचपट्टी

दि. ४ मार्च

चि. भिंगरी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

माझा घसा बसला आहे, म्हणून फोनऐवजी हे पत्र. तुझे बाबा म्हणतात की वस्तीला बऱ्याच वर्षांनी विश्रांती मिळाली. धाकटा भाऊ असला तरी जीभ थोरली आहे.

घसा बसला तो काल शाळेच्या आवारात तासभर बोलले म्हणून. आणि बोलले ते तुझ्याच जोरावर. कालव्याच्या रस्त्यावर गाडीखाली आलेला कोल्हा तुमच्या प्रयोगशाळेत पाठवला होता ना? त्याच्या हृदयात शिवणाच्या दोऱ्यासारखे लांब, पांढरे पाच किडे सापडले, असा तुझा सहीचा अहवाल इथं आला. मी तो उभ्यानं वाचून दाखवला. म्हटलं, ही माझी भाची, हिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

इकडे आपला फौजदार महिनाभर भुंकायचं सोडून खोकतो आहे; कुत्रा आहे असं वाटतच नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसकण मारतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तोच किडा सांगितला. आता दोन आणि दोन चार करायला मला कुणाची परवानगी नको. बंद वीटभट्टीत त्या कोल्ह्यांनी बिऱ्हाड थाटलंय, कोल्हीण व्यायलीही आहे. पिंजरे लावून सगळ्यांचा निकाल लावावा, असा ठराव मी मांडला आहे. ३० तारखेला वस्ती समितीत मतं पडतील. दोनशे चौदा सह्या झाल्या. आज मुकी जनावरं मरतायत, उद्या आपली पोरं. हे मी बघत बसणार नाही.

तू जेवणाच्या वेळा पाळ. लोभ आहेच, तो वाढवायला अधूनमधून दोन ओळी लिहीत जा.

तुझी आत्या

*

दि. ९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि माझा चहा गार झाला. आत्या, माझा अहवाल तू उलटा धरून वाचलास गं!

हा किडा कोल्ह्याकडून कुत्र्याला थेट लागत नाही. चावून नाही, चाटून नाही, शेजारी राहूनही नाही. मध्ये डास लागतो. किड्याची बारीक पिल्लं रक्तात फिरतात, डास ती रक्ताबरोबर पितो, दोनेक आठवडे पोटात वागवतो आणि पुढच्या जनावराला चावताना सोडतो. ती वाढून हृदयाशी पोचायला सहा-सात महिने लागतात. माणसाच्या अंगात त्यांचं सहसा जमत नाही, तेव्हा पोरांची भीती घालू नकोस.

आणि त्या कोल्ह्यातल्या पाचही माद्या होत्या, नर एकही नाही. म्हणजे पिल्लं होण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचं रक्त मी तीनदा तपासलं, त्यात काही नव्हतं. त्या कोल्ह्याला हजार डास चावले असते तरी त्यांच्या हाती काही लागलं नसतं. त्यानं रोग घेतला, दिला नाही.

भट्टीत आत्ता डोळे न उघडलेली पिल्लं असतील. ठराव मागे घे. फौजदाराला पळू देऊ नकोस, जिना तर बंदच. औषध आहे, वेळ लागेल, पण तो बरा होऊ शकतो.

बाबांना नमस्कार. आत्याच्या रागालाही.

तुझी भिंगरी

*

दि. १४ मार्च

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

पाच बायका आणि नवरा एकही नाही, म्हणजे निव्वळ सुखी संसार. मी त्यांना माझ्याच पंगतीत बसवलं असतं. पण मुद्द्यावर ये.

डास तर डास. पण डासानं तो किडा कुठून तरी उचलला असेलच ना? आकाशातून तर पडला नाही! हा कोल्हा नसेल, दुसरा असेल. भट्टी बंद पडली दोन वर्षांपूर्वी, कोल्हे आले त्यानंतर. आणि त्याआधी फौजदार निरोगी होता याला पुरावा कोण, तर तू. आठवतं? चार वर्षांपूर्वी सुट्टीत आलीस, कॉलेजचा सूक्ष्मदर्शक खिडकीत मांडलास, त्याच्या कानातून रक्ताचा थेंब काढलास आणि फौजदार ठणठणीत असल्याचं जाहीर केलंस. मी ते सगळ्या आळीला सांगत फिरले होते.

तेव्हा स्वच्छ, कोल्हे आल्यावर आजारी. माझा सगळा खटला या एका साक्षीवर उभा आहे, आणि साक्षीदार तू आहेस. तिसाव्या तारखेला मी हेच बोलणार. मोडता येत असेल तर मोडून दाखव. येत नसेल तर कोल्ह्यांची वकिली सोड.

फौजदार व्हरांड्यात बांधलेला आहे आणि माझ्याशी बोलत नाही. त्याच्या रागाचं मला वाईट वाटतं, तुझ्या रागाचं नाही.

तरीही तुझीच,
आत्या

*

दि. १९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. पाचव्यांदा जमेल तसं लिहिते आहे.

माझ्या जुन्या काचपट्ट्या एका खोक्यात आहेत. विद्यार्थी असतानाची एकही मी टाकलेली नाही. तुझं पत्र वाचून खोका काढला. फौजदाराची पट्टी सापडली. त्यावर माझ्याच अक्षरात तारीख आहे आणि पुढे ‘स्वच्छ’ असा शेरा. इथल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कडेला एक पिल्लू आहे, वळलेलं, अगदी स्पष्ट. मध्यावर दुसरं. एकूण चार.

आत्या, त्या दिवशी मला त्यातलं एक दिसलं होतं. हे मला आठवतं, म्हणून लिहिते. मी तो फडक्याचा धागा समजले. तुझ्या स्वयंपाकघरातल्या फडक्यानं मी काच पुसली होती. तू मागे उभी होतीस, आळीतली दोन माणसं बघत होती, आणि मला हुशार दिसायचं होतं. पुन्हा पाहायला हवं होतं, दुसरा थेंब घ्यायला हवा होता, मास्तरांना दाखवायला हवं होतं. त्यातलं मी काहीच केलं नाही.

म्हणजे कोल्हे यायच्या दोन वर्षं आधी फौजदाराच्या रक्तात किड्याची पिल्लं फिरत होती. त्याला चावलेला प्रत्येक डास ती घेऊन जात होता. कोल्ह्यांनी आपल्याला रोग दिलेला नाही. ते इथं राहायला आले तेव्हा तो इथं होताच. आपल्याच अंगणात, माझ्या ‘स्वच्छ’खाली झाकलेला.

तेव्हाच उपचार झाले असते तर तो आज खोकला नसता. याची क्षमा मागायलाही मला तोंड नाही. पट्टी सोबत पाठवते आहे, कापसात गुंडाळली आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव.

भिंगरी

*

दि. २८ मार्च

चि. भिंगरीस बाबांचे आशीर्वाद.

तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा आत्यानं मला हातानंच नाही म्हणून खुणावलं, म्हणून मी लिहितो. घाबरू नकोस. पण खोटं सांगणार नाही, तुझं पत्र वाचलं त्या दिवशी ती जेवली नाही. व्हरांड्यात फौजदाराशेजारी फरशीवर बसून राहिली. माझ्या ताईला मी साठ वर्षं ओळखतो. तिला जेवण चुकवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं मला आणि डॉक्टरांना बखोटीला धरून बाहेर काढलं. वस्तीत जेवढे कुत्रे तेवढी दारं वाजवली. कुणी नको म्हटलं की ही उंबऱ्यात उभी राहून भाषण सुरू करते. लोक भाषणापेक्षा सुई बरी म्हणतात. पाच दिवसांत एक्केचाळीस कुत्र्यांचं रक्त झालं. तेरांना किडा निघाला. त्यातले सहा वीटभट्टीपासून लांब, टेकडीवरच्या गल्लीतले, जिथं कोल्हा कुणी पाहिलेला नाही.

मी पिशवी धरायला होतो. माझ्या कमरेची चौकशी तू केली नाहीस, पण ती दुखते आहे.

डॉक्टरांनी आमच्या मागच्या पिंपात डोकावून पाहिलं आणि आत्याला बोलावलं. पाण्यावर अळ्यांची जत्रा होती. तिनं पिंप लाथेनं आडवं केलं. आता तिचा अंगठा सुजला आहे.

परवा तीस तारीख. ती काय बोलणार ते मला सांगत नाही. तुझ्याबद्दलही काही बोलत नाही. मात्र तुझं पत्र तिच्या पर्समध्ये आहे, एवढं मी पाहिलं.

तुझे बाबा

*

दि. ३१ मार्च

चि. भिंगरी हिस आत्याचे आशीर्वाद.

घसा पुन्हा बसला आहे. या वेळी मोठ्यानं बोलून नाही. हळू बोलायला घसा जास्त लागतो, हे मला या वयात कळलं.

मी उभी राहिले आणि सांगितलं की ठराव माझा आहे आणि तो चुकीचा आहे. आधी कुणाला ऐकूच गेलं नाही, लोक टाळ्या वाजवत होते. पुन्हा सांगितलं. मग सायकलवाला उठला आणि म्हणाला की बाई, महिन्यापूर्वी तर कोल्हा राक्षस होता, आता काय मेहुणा झाला का? सभा हसली. मलाही हसू आलं. मी म्हटलं की महिन्यापूर्वी मला दोषी हवा होता, आणि दोष द्यायला मुकं जनावर फार सोयीचं. ते सभेत उठून उत्तर देत नाही. भट्टीतली पिल्लं मारली तर आपल्याला शांत झोप लागेल, आणि तेरा कुत्र्यांच्या रक्तातला किडा डास घरोघर वाटत राहतील. आपल्या पिंपांतले डास, आपल्या कुत्र्यांतला किडा, आणि फाशी मात्र कोल्ह्याला! अशा न्यायावर मी सही केली होती. ती मी पुसते आहे. बाकीच्या दोनशे तेरा जणांनी आपापलं बघावं.

अकरा विरुद्ध आठ. पिंजरे रद्द. पिंपांना झाकणं, कुत्र्यांना महिन्याची गोळी, आजारी तेरांवर उपचार. आठ जण माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील.

फौजदाराचं औषध सुरू झालं आहे. आधी महिनाभर गोळ्या, मग पाठीत इंजेक्शनं. किडे मरतील तेव्हा त्यानं जराही उड्या मारायच्या नाहीत, म्हणून कित्येक महिने साखळी. डॉक्टर म्हणतात वय झालं आहे, पण हृदय दमदार आहे. काल त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघून शेपटी हलवली.

आता तुझं. मी रागावले होते. अजून थोडा राग आहे, तो जाईल. तू धागा समजलीस तेव्हा मी मागे उभी होते, आणि तू हुशार दिसावीस अशी घाई तुझ्याइतकीच मला होती. तेव्हा क्षमेची भाषा बंद. काचपट्टी मी सभेत दाखवली. हातोहात फिरली. तुझं नाव घेतलं नाही. पण पोस्टमास्तरांनी नेमकं विचारलं की पिल्लं चार वर्षांपूर्वीच काचेवर होती, तर तेव्हाच कुणाला कशी दिसली नाहीत? प्रश्न रास्त होता. मी उत्तर देऊ शकले असते. पण दुसऱ्याची चूक आपण सांगितली की ती चहाडी होते, आणि ज्याची त्यानं सांगितली की धडा होतो. म्हणून मी म्हटलं की ज्या डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली, त्या रविवारी अकरा वाजता इथंच येऊन सांगतील. आणि उरलेल्या भटक्या कुत्र्यांचं रक्तही तपासतील.

तर ये. मोठ्यानं बोलायची गरज नाही, खरं बोल, मागच्या रांगेपर्यंत आपोआप पोचतं. मी पहिल्या रांगेत बसेन आणि तोंड उघडणार नाही. तुझे बाबा यावर पैज लावायला तयार नाहीत.

रविवारपर्यंतची माया या पाकिटात घातली आहे, पुढची समोरासमोर.

तुझी आत्या