पाय सैल केला की गिअर बदलतो

प्रिय अहो,

पानिपतहून आत्ताच घरी आले. गाडी खाली तुमच्या जागेवर लावली, चावी खुंटीला अडकवली आणि सवयीनं फोन उचलला. 'पोचले' म्हणून सांगायला. मग कोणाला सांगायचं तेच कळेना. आयुष्यभर पोचल्याचं तुम्हालाच तर कळवत आले! म्हणून हे पत्र.

हो, पानिपतच. आज संक्रांत ना! दिल्लीतली आपली मराठी मंडळी आजच्या दिवशी तिथं जमतात, लढाईत पडलेल्यांना हात जोडतात, तिळगूळ वाटतात. आपण दोघांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. मग तुम्ही नाहीत म्हणून मी घरी बसायचं?

पण जायचं कसं, हा प्रश्न होता. तुमची ती अवाढव्य फोर-व्हील ड्राइव्ह तुम्ही गेल्यापासून कव्हरखाली पडून होती. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हापासून मी गाडी चालवते. पण ती छोटी, हातानं गिअर बदलायची. मोठी तिचे गिअर आपोआप बदलणारी; तिला तुम्ही कधी हात लावू दिला नाहीत. "तू बस गं डावीकडे, संत्रं सोल." का हो? मी काय खाणार होते तिला?

दिवाळीनंतर कव्हर काढलं आणि इथं घराजवळच, मयूर विहारमध्ये, एक फेरी मारली. अहो, काय ओरडली ती! इंजिन नुसतं किंचाळतंय आणि गिअर काही बदलत नाही. तुमच्या धाकट्या भावाला बोलावलं. वसंतभाऊजींनीही चालवून पाहिली. तेच.

"वहिनी, गिअरबॉक्स गया समझो," ते म्हणाले. "तशीही वर्ष-दीड वर्षात हिची दिल्लीतली पंधरा वर्षांची मुदत संपतेय. आत्ताच बेच डालो. मी माणूस बघतो."

माणूस बघितलासुद्धा. येत्या रविवारी गाडी न्यायला येणार होता. मी म्हटलं, संक्रांत होऊ दे. "मग पानिपतला माझ्या गाडीतून चला ना!" नाही म्हटलं. माझ्या हट्टीपणाला हसले ते. हसू देत. इतकी वर्षं कोणाबरोबर काढली मी?

खरं सांगू? मला ती गाडी जायला नको होती. तुमची खुर्ची, चष्मा, चपला, सगळं घरात आहे, पण सगळं गप्प आहे. गाडी निदान आवाज तरी करते. ती गेली की तुम्ही पुरते गेलात, असं मला वाटत होतं.

सकाळी धुकं विरल्यावर खाली उतरले आणि गाडी सुरू केली. थंडीत तुम्ही असंच इंजिन चालू ठेवून शेजारी उभ्यानं चहा प्यायचात. मी बाल्कनीतून ओरडायचे, "पेट्रोल काय फुकट मिळतं का?" तुम्ही नुसता कप वर करून दाखवायचात. गार असताना गिअरबॉक्समधलं तेल घट्ट असतं, वरचा गिअर घ्यायला ती वेळ लावते, हे मी आता कुठंतरी वाचलं. एका वाक्यात सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? आज मीही चहा घेतला, तिथंच, तिच्याशेजारी.

शहर संपेपर्यंत रडतरखडत गेले. पुढं हायवे मोकळा झाला आणि तिनं पुन्हा तोच सूर लावला. मी ॲक्सिलरेटरवर अजून पाय दाबला. ती अजून किंचाळली. वाटलं, वळावं मागं, भाऊजीच बरोबर होते. काहीतरी बोलायला म्हणून डावीकडे पाहिलं, तर सीटवर तिळगुळाचा डबा.

आणि मला तुमचं 'चला' आठवलं. रस्ता मोकळा झाला की तुम्ही म्हणायचात, "हं, चला." मी म्हणायचे, "चला." आणि गाडीचा आवाज उतरायचा. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही माझ्याशी बोलताय! पण तेव्हा तुमचा उजवा गुडघा किंचित वर यायचा. डावीकडून मला रोज दिसायचा, अर्थ मात्र कधी लागला नाही.

"हं, चला," मी मोठ्यानं म्हटलं आणि पाय सैल केला.

एक बारीकसा झटका बसला आणि आवाज उतरला. बदलला हो गिअर!

मग लक्षात आलं. या गाडीला स्वतःचा वेग कळतो, तसा आपल्या पायाचा दाबही कळतो. पाय गच्च दाबून ठेवला की तिला वाटतं, चढ आहे, नाहीतर कोणाला तरी मागं टाकायचंय. म्हणून ती खालचाच गिअर धरून ठेवते. जरा सैल सोडलं की आपणहून वरचा घेते. हातानं गिअर बदलणाऱ्या मला नि भाऊजींना हे कसं सुचणार? गिअर बदलत नाही म्हणून आम्ही आणखी दाबत होतो, आणि आम्ही दाबतोय म्हणून ती बदलत नव्हती!

हसू आलं. लगेच रडूही आलं, कारण माझ्या 'चला'ला कोणी उत्तर दिलं नाही. गाडी इतकी शांत चालली होती की ते जास्तच जाणवलं. एरवी या वेळी माझे हात संत्र्याच्या वासाचे असायचे.

पानिपतला एका काकांनी विचारलं, "कोणाबरोबर आलात?" मी म्हटलं, "एकटी." तुम्ही गेल्यापासून हा शब्द आज पहिल्यांदा तोंडातून निघाला. त्यांनी हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोलायला सांगितलं. मी माझा डबा त्यांच्यापुढं केला.

भाऊजींना उद्या कळवेन, रविवारी कोणाला आणू नका म्हणून. गिअरबॉक्सला काही झालेलं नाही. मुदत संपेल तेव्हा संपेल. तोवर ती मीच चालवीन, हा माझा शब्द. आधी चहा पिईन, मग निघेन. रस्ता मोकळा झाला की 'चला' म्हणेन आणि उत्तरही मीच देईन.

बाकी काही नाही. काळजी करू नका. पोचले.

आता उजवीकडे बसणारी,
तुमची शैला