बापाचा होकार

रविवार, ५ ऑक्टोबर
बी.पी. १५०/९०

नाही, चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर देतात तेव्हा मी बाहेर गाड्यांपाशी उभा राहतो ते सिगरेट प्यायला नाही. फॅक्टरीतून रिटायर झालो त्याच दिवशी सिगरेट सुटली. कोणी विचारलं नाही, पण लोक बघतात. विल्सनभाईची स्कूटर चर्चच्या आवारातून चोरीला गेली होती, तेव्हापासून महिन्याच्या दर पहिल्या रविवारी मी बाहेर. सेहेचाळीस वर्षं होत आली. कोणी तरी बघायला पाहिजे ना गाड्या.

बायको, कुसुम (वहीत कु.), आजही सगळ्यात आधी उठून पुढे गेली. खिडकीतून दिसते. भाकर घेऊन परत येते तेव्हा तिचा चेहरा नुकता धुतल्यासारखा असतो. आजही तसाच.

ही वही डॉक्टरनं बी.पी. लिहायला सांगितली आहे. बाकी फालतू लिहायचं नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
बी.पी. १६०/९४

नवे पादरी साहेब (पा.सा.) घरी आले. विजय नगरात घर सापडेना म्हणून तीन फोन. पोरगाच आहे, रायपूरकडचा, आमच्या नितीनहून लहान. चर्चचं जुनं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवून राहिले आहेत. म्हणाले, "बाबूजी, आपका बपतिस्मा मिल गया, शादी मिल गई. दृढ़ीकरण नहीं मिल रहा. कटनी में हुआ था कि इटारसी में? बता दीजिए, मैं लिख लेता हूँ."

कु. चहा घेऊन आली. "इटारसीलाच झालं असेल. मामंजी तेव्हा तिथेच होते ना?"

पा.सा. पेन काढून बसले. मी म्हटलं, चहात साखर नाही. मला साखर बंद आहे दहा वर्षांपासून. कु. माझ्याकडे बघतच राहिली.

पा.सा. ना म्हटलं, आठवून सांगतो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल. दृढीकरण झालेलंच नाही. बपतिस्म्याला आईबापांनी दिलेला शब्द मोठं झाल्यावर चर्चमध्ये स्वतः कबूल करायचा असतो, मगच प्रभुभोजन.

बाप रेल्वेत. दर तीन वर्षांनी बदली. कटनीत क्लास सुरू झाला, अर्ध्यात इटारसी. इटारसीचे पादरी समजले कटनीत उरकलं. मी पण काही बोललो नाही, शनिवारी क्लासच्याच वेळी हॉकी असायची. मग अप्रेंटिस लागलो, राहून गेलं. लग्नाच्या वेळी इथल्या पादरींनी विचारलं, लड़के का दृढ़ीकरण हुआ है ना? बाप म्हणाला, हो. मी बाजूला उभा. बुटाकडे बघत होतो, नवे होते.

म्हणजे बापानं माझ्या वतीनं दोनदा हो म्हटलं. बपतिस्म्याला मी मांडीवरचं पोर होतो, लग्नाला सव्वीस वर्षांचा घोडा.

प्रभुभोजनाला हात पुढे करायची हिंमत झाली नाही. जे मी स्वतः कबूल केलं नाही ते कसं घ्यायचं? पहिल्या महिन्यात पोट दुखतं म्हटलं. दुसऱ्या महिन्यात ड्यूटी. मग ती स्कूटर चोरीला गेली. बरं झालं म्हणायचं नाही, पण बरं झालं.

इटारसी म्हटलं की संपलं. तिथे जाऊन कोण बघून राहिलं?

शनिवार, ११ ऑक्टोबर

जनरेटरचं तेल बदलायला चर्चमध्ये गेलो. विल्सनभाई तिथेच होता. कमिटीत आहे, स्कूटर चोरीला गेली त्याच्याही आधीपासूनचा दोस्त. त्याला सांगून टाकलं. हसला आधी. मग हसणं बंद. "चाबी किसके पास है इतने साल से? तेरे पास. घंटी कौन बजाता है? तू. और तू ही नहीं हुआ?" मग म्हणाला, "इटारसी लिखवा दे. तमाशा मत कर इस उमर में."

तमाशा मला पण नको. तमाशा करणारे मला आवडतच नाहीत. डोळे मिटून हात वर करून रडतात माईकवर. पण इटारसी म्हणायचं तं खोटं बोलायचं. या वेळी बाप नाही हो म्हणायला. मलाच म्हणावं लागेल.

बुधवार, १५ ऑक्टोबर
बी.पी. १७०/१००

चूक झाली. विल्सननं बायकोला सांगितलं. बायकोनं महिला सभेत. कु. तिथेच बसली होती.

घरी आली, पर्स ठेवली, पाणी प्याली. मी टीव्ही बंद केला. म्हणाली, "विल्सनला सांगितलं. मला नाही."

मी म्हटलं, सांगणारच होतो.

"कधी? माझ्या मयतीला?"

मी सगळं सांगितलं. कटनी, इटारसी, बूट, सगळं. ती ऐकत होती. मग एवढंच विचारलं, "लग्नात मला हो कोण म्हणालं होतं? ते पण मामंजी?"

ते मीच म्हणालो होतो. मोठ्यानं. सांगितलं तिला. तिनं पर्स उचलली आणि आत गेली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सकाळीच पा.सा. कडे. म्हटलं, लिहू नका, झालेलं नाही. चर्चच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी परत सरकवल्या. "बाबूजी, चाबी रखिए. पंखा कौन ठीक करेगा?"

मग म्हणाले २३ नोव्हेंबरला बिशप येऊन राहिले आहेत. पाच मुलांचं दृढीकरण आहे. शनिवारी संध्याकाळी क्लास. "आना हो तो आइए. नहीं आना हो तो भी ठीक है." जोर केला नाही. जोर केला असता तं मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

बुधवार, २२ ऑक्टोबर

शेजारच्या वहिनींकडून दिवाळीचा फराळ आला. कु. नं डबा उघडून माझ्यासमोर ठेवला, एक शब्द नाही. आठ दिवस झाले. भाजी काय करू, गोळी घेतली का, बस इतकंच.

नितीनचा पुण्याहून फोन. त्याला आईनं सांगितलं. "बाबा, काय फरक पडतो? एक फॉर्मॅलिटी आहे. करून टाका." तो स्वतः नाताळाशिवाय चर्चमध्ये जात नाही. पण त्याचं रीतसर झालेलं आहे, फोटो पण आहे भिंतीवर. मी पाठवलं होतं त्याला, क्लास बुडाला तं मारायचो.

रविवार, २ नोव्हेंबर

पहिला रविवार. मी नेहमीसारखा बाहेर. आत गाणं सुरू झालं, लोक पुढे जाऊ लागले. मी खिडकीतून बघतो तं कु. ची जागा रिकामी. वळलो तं माझ्या मागे उभी. जांभळी साडी, हातात बायबल.

"आत जा," म्हटलं.

"काहून? गाड्या माझ्या नाहीत का?"

"कुसुम, लोक बघून राहिले."

"बघू दे. सेहेचाळीस वर्षं तुम्हाला बघतच आहेत."

गेली नाही. नितीन झाला तेव्हाचा एक महिना आणि टायफॉइडचा एक, एवढेच चुकले होते तिचे. खोकला असला तरी जाते, पाऊस असला तरी जाते. ती माझ्या बाजूला उन्हात उभी राहिली एका स्कूटीला हात टेकून, आणि आत भाकर संपली. विल्सनची बायको बाहेर आली, आमच्याकडे बघून परत आत गेली.

मी फक्त माझं नुकसान करत होतो असं समजत होतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ऑटोनं नदीवर, ग्वारीघाटला. घरात बसवत नव्हतं आणि तिथे चर्चचं कोणी भेटत नाही. नाववाला म्हणाला, "बाबूजी, उस पार?" म्हटलं नाही, बसायचं आहे. तो पण बसला, बिडी काढली.

लोक येऊन राहिले होते. फूल घेतलं, दिवा घेतला, पाण्यात सोडला, हात जोडले, चलो घरी. कोणी कोणाला विचारत नाही, तू मानतो का? मनापासून मानतो का? आमच्यात विचारतात. सगळ्यांसमोर. आणि तोंडानं सांगावं लागतं. मला कधी कधी राग येतो त्याचा. पण पा.सा. नं विचारलंच नसतं तं मी आयुष्यभर गाड्याच बघितल्या असत्या हे पण खरं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

क्लासला गेलो. पाच मुलं, चौदा-पंधरा वर्षांची, आणि मी बहात्तरचा. बाक लहान, गुडघा वर येतो. एक मुलगी म्हणाली, "अंकल, पंखा बनाने आए हो?" सगळी हसली. म्हटलं, नाही, शिकायला. हसणं थांबलं. ते जास्त वाईट वाटलं.

पा.सा. नं सांगितलं बिशप काय विचारतील. लहानपणी आईबापांनी तुमच्या वतीनं जे कबूल केलं ते तुम्ही आता स्वतः कबूल करता का. मुलं मान हलवत होती. मला पाठ आहे ते सगळं. खिडकीबाहेरून ऐकून ऐकून उपासनेतलं अक्षर न् अक्षर पाठ आहे. पाठ आहे म्हणजे मानतो का?

घरी कु. नं विचारलं, "कुठे होता?" सांगितलं. तिनं कुकरखालचा गॅस बंद केला.

बुधवार, १२ नोव्हेंबर
बी.पी. १५८/९६

चर्चचा मधला पंखा आवाज करत होता. शिडी लावली, नट कसले. दुपार, कोणी नाही. खाली उतरलो आणि दम घ्यायला बाकावर बसलो. कु. च्या जागेवर. इतक्या वर्षांत तिथे बसलोच नव्हतो. तिथून वेदी अगदी समोर आहे.

वाटलं बोलून पाहावं. हात वगैरे जोडले नाहीत, ग्रीसचे होते. म्हटलं, मी दिवाकर. तुला माहीत असेलच. नसेल तं आता सांगून राहिलो. माझ्या बापानं तुला दोनदा शब्द दिला, मी एकदाही नाही. बायको रागावली आहे. ती तुझ्याकडे यायची सोडून माझ्याजवळ उभी राहिली, ते मला बघवत नाही. पण तिच्यासाठी हो म्हटलं तं ते पण उसनंच. मला काय वाटतं ते मला नीट कळत नाही. तुला कळत असेल तं

एवढंच बोललो. काही झालं पण नाही. प्रकाश नाही, आवाज नाही. पंखा नीट चालत होता. फक्त उठायला फार वेळ लागला, आणि तो गुडघ्यामुळे नाही.

कोणाला सांगणार नाही हे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मुलं गेल्यावर पा.सा. ना विचारलं. मेरे को पक्का नहीं लगता, तो कैसे बोलूँ? वाटलं पुस्तक काढतील. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला. "बाबूजी, किसी किसी इतवार मुझे भी पक्का नहीं लगता. फिर भी बोलता हूँ. झूठ समझ के नहीं. जैसे कोई हाथ पकड़ ले अँधेरे में."

मी म्हटलं, तुम्ही पादरी आहात, तुम्हाला असं बोलायला नको.

म्हणाले, "इसीलिए सिर्फ आपको बोला."

घरी येईपर्यंत त्याचा राग होता. जेवताना राग नव्हता. त्याच्या जागी जे होतं त्याला काय म्हणतात माहीत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कु. भाजी निवडत होती. म्हटलं, रविवारी मी पुढे जाऊन हो म्हणतो, मग तू पण आत येशील ना? मला वाटलं खूश होईल.

सुरी खाली ठेवली. "माझ्यासाठी नका येऊ. बापासाठी गप्प बसलात, आता बायकोसाठी बोलाल. मला नको तसलं."

"मग तू तं जा आत. तुझं काहून बंद?"

"माझं मी बघीन."

"हे बरोबर नाही, कुसुम."

"नसेल."

मग थोड्या वेळानं, वर न बघता, "सेहेचाळीस वर्षं मी तिथे तुमच्यासाठी मागत होते. आणि तुम्ही बाहेर. मला कळलं असतं तं वेगळं मागितलं असतं."

काय मागितलं असतं ते विचारलं नाही. शेंगा सोलू लागलो तिच्याबरोबर. वाकड्या सोलल्या म्हणाली. महिन्याभरातलं हे सगळ्यात लांब बोलणं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

विल्सन घरी आला. अर्धा तास इकडचं तिकडचं. मग म्हणाला, "यार, गलती मेरी थी." म्हटलं, तुझी कमी, माझी जास्त. म्हणाला, बच्चों के साथ लाइन में खड़ा होगा, शरम नहीं आएगी? आएगी, म्हटलं. तो उठला. जाताना दारात म्हणाला, "मेरा तो चौदह साल में हो गया था. क्या बोला था याद भी नहीं." आणि जिना उतरला हळू हळू.

शनिवार, २२ नोव्हेंबर

शेवटचा क्लास. कसं उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, बिशप डोक्यावर हात ठेवतील तेव्हा हलायचं नाही. मी मुलांच्या मागे शेवटी. गुडघे टेकले तं उठता येईल का हा एक प्रश्न आहेच. ती पंखावाली मुलगी म्हणाली, "अंकल, मैं पकड़ लूँगी." म्हटलं, बरं.

पा.सा. नं यादी वाचली, सहा नावं. माझ्यापाशी थांबले. "रखूँ?" म्हटलं, ठेवा. विचारायचं त्यांचं काम आहे, उत्तर माझं.

संध्याकाळी कु. नं पांढरा शर्ट इस्त्री केला. मी सांगितलं नव्हतं. कॉलर दोनदा केली. पाठ माझ्याकडे होती.

"काय म्हणणार उद्या?"

"जे विचारतील त्यांना सांगीन."

"मला नाही सांगणार? परत?"

"तुला ऐकू येईल."

"मी कुठे असीन ते मला माहीत नाही अजून."

"दार उघडं असतं. कुठूनही ऐकू येतं, मला माहीत आहे."

"आणि नाही म्हणाला तं?"

"ते पण ऐकू येईल."

इस्त्रीचं बटण बंद केलं तिनं. शर्ट हँगरला लावला, खिडकीपाशी अडकवला, बाही सरळ केली. मग आत गेली.

नितीनचा फोन येऊन गेला, उचलला नाही. तो पण हेच विचारणार.

आता लिहिणं बस. मी उद्या काय म्हणणार ते बायकोला सांगितलं नाही, पादरी साहेबांना सांगितलं नाही, ह्या वहीला पण सांगणार नाही. जे बोलायचं ते एकदा, तिथेच. ह्यावर यापुढे एक अक्षर नाही.