महालक्ष्म्यांच्या पेटीतल्या काचपट्ट्या

बुढापारा, रायपूर
९ ऑगस्ट २००३

प्रिय शिशिर,

परवा फोनवर तूही तेच म्हणालास, आई, साधी गाठ आहे, औषधांनी विरघळेल. अरे, तीस वर्षं कॉलेजात पोरींना जीवशास्त्र शिकवलं मी. मला कुणी भोळी समजलं की अंगाचा तिळपापड होतो. राजधानी झाल्यापासून आपल्या गल्लीतूनही लाल दिव्यांच्या गाड्या ठणाणा करत जातात, घरात मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

लहानपणी तुला सांगितलं होतं, आठवतं? पेशी एकटी नसते. शेजारणी तिला सारखं काही ना काही कळवत असतात. आता वाढ, आता दोन हो, आता पुरे. वेळ आली की 'जा' म्हणूनही सांगतात, आणि ती निमूट जाते. माझ्या पोटात असताना तुझ्या बोटांमधला पडदा असाच गेला, म्हणून तुझी बोटं सुटी आहेत. निरोप ऐकेनाशी झाली की मात्र ती वाढतच सुटते, मरायचंही विसरते. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न.

मंगळवारी शालूंना ऊन दाखवायला महालक्ष्म्यांची पेटी उघडली. दर श्रावणात उघडते, पण तुझ्या बाबांना बत्तीस वर्षांत त्याचा पत्ता नाही. मुखवट्यांखाली पाकीट होतं. माझ्या गाठीच्या तपासणीच्या दोन काचपट्ट्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी, 'नागपूरला लगेच दाखवा.' तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. नेल्याच नाहीत रे बाबांनी! घाबरून देवीच्या हवाली केल्या.

रिक्षा करून थेट कॉलेज गाठलं. सूक्ष्मदर्शक मागितला, तर प्रयोगशाळेतला दयाराम म्हणाला, "हव मॅडम, ए तो तुंहर घर आय," घर माझंच म्हणे, आणि पुसून दिला. कांद्याच्या मुळाच्या टोकात दोन होणारी पेशी सापडली की मी पोरींना शाबासकी द्यायचे. इथे, माझ्या काचपट्टीवर, शोधावीच लागली नाही, जिकडेतिकडे त्याच. मी डॉक्टर नाही, पण आंधळीही नाही. काय बघताय, असं दयारामनं विचारलं. कांदा, म्हटलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं, मला सगळं कळलंय. तर म्हणे, "तू काहून डोकं खाऊन राहिली? साधी गाठ आहे." टीव्हीचा आवाज मोठा केला. मग न्हाणीघरात नळ सोडून रडत बसले. नळ सोडला की बाहेर ऐकू येत नाही, असं वाटतं त्यांना. इतका संताप आला! आणि कीवही आली, खोटं कशाला सांगू. एका छपराखाली दोघं, आणि निरोप पोचत नाही.

म्हणून हे पत्र. अठरा तारखेची नागपूरच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे. काचपट्ट्या माझ्या पर्समध्ये आहेत. तू पुण्याहून आधी इथे ये, बाबांजवळ बस आणि त्यांना सांग की तिला ठाऊक आहे. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. मला जगायचंय रे, पण एवढं एकटीनं नाही जमायचं. गाडीची तिकिटं दोन काढली आहेत. दुसरं त्यांच्या नावाचं आहे.

तुझीच,
आई