दाब, धर, सोड

नागपूर,
सोमवार

आदरणीय मेघाताई यांना,
भावनाचा सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नका, घरात कोणी गेलेलं नाही. तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरनं दिलेला पट्टा बांधता, का तोही कपाटात साड्यांखाली गेला? रजतभाऊजींची शुगर, त्यांचं चोरून बालुशाही खाणं, सगळं जिथल्या तिथं असेल असं समजते. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणी नाही.

फोन काहून नाही केला म्हणाल, तर फोन आला की बाबा शेजारी येऊन बसतात, आणि त्यांचे कान अजून जवान पोराचे आहेत. मेसेज टाकावा तर तो तुमच्या आधी भाऊजी वाचतात आणि लगेच बाबांना फोन लावून 'काय म्हणता मामंजी, असं ऐकलं' म्हणून सुरू होतात. (भाऊजींचा स्वभाव मोकळा आहे. इतका मोकळा की त्यात काही टिकत नाही.) म्हणून हे पत्र. दाराला कडी लावून वाचा.

आता नीट बसा. बाबांना दिसत नाही. उन्हाळ्यातच डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याचं जे उरलंय ते नळीतून पाहिल्यासारखं, आणि गेलं ते परत येत नाही. हे त्यानं अंकुशला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. बाबांना म्हणाला, काका, थेंब टाकत राहा. अंकुश म्हणाला, घरी गेल्यावर मी बोलतो. घरी आल्यावर म्हणाला, तू बोल. मी म्हटलं, बाप तुझा आहे. मग तो गडचिरोलीला ड्यूटीवर निघून गेला आणि बाप माझ्याकडे राहिला. तुम्हाला कळवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. म्हणजे अंकुशनं ठरवलं होतं, मी फक्त गप्प बसले. आता राग आला असेल तर अर्धा मला द्या, अर्धा गडचिरोलीला पाठवा.

आणि ह्या डोळ्यांनी बाबा गाडी चालवत होते, ताई! महाल भागातल्या एका गल्लीत वाळूच्या ढिगाला हॉर्न देत राहिले. 'सरकत नाही हा माणूस' म्हणाले. मी खाली उतरले, ढिगाजवळ गेले, हात जोडले आणि परत येऊन म्हटलं, बाबा, तो नाही ऐकून राहिला, आपण मागे घेऊ. तिथवर हसण्यासारखं होतं. मग श्रावणात आपल्याच गल्लीत गाडीचा आरसा शेजारच्या सिंधूताईंच्या कोपराला लागला आणि त्या भाजीच्या पिशवीसकट नालीच्या काठावर बसल्या. बाबांना पत्ता नाही. मला विचारलं, कायचा आवाज झाला वं? मी म्हटलं, खड्डा. घरी येऊन त्यांनी चहा घेतला. मी मागच्या दारानं सिंधूताईंकडे गेले, त्यांचा हात शेकून दिला आणि पाया पडले. बिचाऱ्या म्हणाल्या, मोटारसायकलवाला होता कोणी मेला. मी हो म्हटलं.

तुम्ही म्हणाल, तोंडात काय बोळा घातला होता? तुम्ही सांगून पाहा ना! आपल्या खानदानात स्टिअरिंग धरणारा पहिला माणूस म्हणजे बाबा. कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी ही एवढीशी गाडी घेतली तेव्हा अख्खी गल्ली पेढे खाऊन गेली होती. त्या सीटवर त्यांनी दुसऱ्या कोणाला बसू दिलं का कधी? अंकुश अजून मोटारसायकलवरच आहे आणि मी तर ऑटोतच जन्म काढला. अशा माणसाला सून कोणत्या तोंडानं म्हणेल की उतरा खाली?

म्हणून मागच्या महिन्यात ब्रेक गेला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. ब्रेक गेल्याचा आनंद झालेली बाई अख्ख्या नागपुरात मी एकटीच असेन. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगानं तेल ओघळलेलं, पाय दाबला की पेडल थेट तळाला. नाक्यावरचा चंद्रभान मेकॅनिक येऊन बघून गेला. म्हणाला, मागच्या ड्रमातला व्हील सिलिंडर गेला, तेल सगळं ब्रेकवर दाबायच्या ऐवजी बाहेरच येऊन राहिलं, नवा टाकावा लागेल. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, भाऊ, हा पार्ट आता मिळत नाही. तो म्हणाला, वहिनी, मिळते ना, कुठंही मिळते. मी पुन्हा म्हटलं, भाऊ, मिळत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, हो, कंपनीनं बंद केला. (देव माणूस. बाबांनी एकदा त्याच्या दुकानाची ताडपत्री बंपरला अडकवून चौकापर्यंत नेली होती, तेही कारण असेल.)

पण बाबा ऐकतात होय? 'बंद कसा होईन वं? आपण जाऊन पाहू.' आणि गेले एकटे ऑटोत बसून लकडगंजकडे. मी इकडे दार-खिडकी करून राहिले, की माणूस रस्ता कसा ओलांडेल. संध्याकाळी पिशवी हलवत आले. सिलिंडर, ब्रेक ऑइल आणि माझ्यासाठी संत्र्याची बर्फी. म्हणाले, दसऱ्याला मेघा येईन, तिले स्टेशनवरून आणायले गाडी पाहिजे.

ताई, दसऱ्याचे दिवस! दीक्षाभूमीकडे जाणारी लाखो माणसं रस्त्यावर, पायी, कडेवर लेकरं, डोक्यावर गाठोडी. त्या गर्दीत हा माणूस गाडी घालणार आणि आवाज आला की मी शेजारी बसून खड्डा म्हणणार. त्या रात्री मला झोप नाही आली. रागही आला, तुमचा, अंकुशचा, त्या बर्फीचासुद्धा.

काल रविवारी काम काढलं. गाडी जॅकवर, पुढच्या चाकांना विटा, बाबा अंगणात पोतं टाकून आडवे. ड्रम गंजून घट्ट बसलेला, त्याला हातोडी मारता मारता एक अंगठ्यावर बसली. शिवी दिली ती मी लिहीत नाही. जुना सिलिंडर निघाला, नवा बसला, सगळं हातानं चाचपून. पण ब्रेक शू आधी उलटे लावले, मग स्प्रिंग उडून तुळशीत, म्हणजे आपल्या त्या कुंडीत जिच्यात आता मिरची आहे, तिथं पडली. मी उचलून देईपर्यंत ते भलतीकडेच जमीन चाचपत होते. मला बघवेना, ताई. मी घरात जाऊन उगीच कुकर लावला.

शेवटी राहिली हवा काढायची. सिलिंडर बदलला की तेलाच्या नळीत हवा शिरते, आणि ती काढली नाही तर ब्रेक लागत नाही. हे काम दोघांचं. मी सीटवर बसून पेडल दाबायचं, बाबा म्हणाले 'धर' की दाबून धरायचं, मग ते चाकाजवळचा स्क्रू सैल करणार, हवा आणि तेल खाली वाटीत पडणार (वाटी माझी, डाळीची, आता गेली), स्क्रू घट्ट झाला की 'सोड'. त्याआधी पाय उचलला तर गेलेली हवा परत आत. हे त्यांनीच मला दोनदा बजावून सांगितलं. आणि ते ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात उजेड पडला, की अरे, ह्या गाडीचा ब्रेक लागायचा की नाही हे आता माझ्या पायाच्या हातात आहे.

दाब, म्हणाले. दाबलं. धर, म्हणाले. धरलं. आणि सोड म्हणायच्या आतच हळूच सोडलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तेलाची बाटली संपत आली, ऊन डोक्यावर आलं, पेडल तसंच लुसलुशीत. खालून बाबांचा दम लागलेला ऐकू येत होता. मग एकदा ते 'दाब' म्हणालेच नाहीत.

'भावना, तू लवकर सोडून राहिली. तेल बाहेर यायच्या जागी आत चाललं, बोटाले समजते मले. काहून वं?'

मला खोटं सुचलं नाही. मी स्टिअरिंगला धरून रडायला लागले आणि म्हटलं, बाबा, तुम्हाला दिसत नाही. तुम्ही कोणाला तरी माराल.

गाडीखालून फक्त त्यांचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत. मग म्हणाले, 'सिंधूले लागलं होतं का?'

मी म्हटलं, हो.

'लय?'

कोपराला, म्हटलं. आता बरं आहे.

'खड्ड्याचा आवाज तसा नसते,' म्हणाले. मग म्हणाले, 'दाब. बरोबर दाब आता. कोणी चालवो का न चालवो, बिनाब्रेकची गाडी मी दारात ठेवत नाही.'

मग मी नीट दाबलं, नीट धरलं, सांगितल्यावरच सोडलं. ब्रेक कडक लागला. चाक चढवून हात धुतल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, मी मागतली तरी देऊ नको. आज सकाळी उठल्याबरोबर मागितली. मी दिली नाही. ते चहा न पिता गाडीत जाऊन बसले, ब्रेक दाबून दाबून पाहत राहिले. मग आत येऊन म्हणाले, चहा थंडा झाला. मी दुसरा केला. उद्याही असंच होईल असं वाटतं.

तब्येतीला जपा. भाऊजींना नमस्कार.

आपली,
भावना

ता.क. गाडी भाऊजींना चालवायला अजिबात देऊ नका. अंगणात एक स्प्रिंग उरली आहे. बाबा म्हणतात, कंपनीनं जास्तीची लावली होती.

ता.क. २. सिंधूताईंकडे बाबा आज स्वतः गेले होते. काय बोलले ते दोघंही सांगत नाहीत. येताना भाजी घेऊन आले.

ता.क. ३. खरं काम राहिलंच. 'मेघाले यातलं काही सांगू नको' अशी शपथ बाबांनी मला घातली आहे, ती मी मोडली. ती माझी मला फेडू द्या, पण तुम्हाला काही माहीत नाही असंच दाखवा. स्टेशनवर आम्ही दोघं ऑटोनं येऊ. तुम्हाला भेटले की ते म्हणतील, बारीक झाली वं मेघा. (तुम्ही झाला नाहीत, फोटो पाहिले.) हो म्हणा, आणि भाऊजींना हसू देऊ नका. त्या दिवशी गर्दी असेल, ते भलत्याच बाईकडे पाहून हात हलवतील. मी काही बोलणार नाही. तुम्हीच लांबून 'बाबा' म्हणून हाक मारा, मोठ्यानं मारा, म्हणजे तुम्ही जवळ यायच्या आत त्यांना तोंड तुमच्याकडे फिरवता येईल.