धाकटीच्या छातीची तजवीज

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौपन्न, धंदा दुसऱ्यांची नखे घासणे, रंगवणे व वाढवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. ते कायमच होते, म्हणून तर सासरी फारसे जमले नाही. कोणाचे दडपण नाही. छातीवर आहे ते दम्याचे, त्यात नातेवाइकांचा हात नाही. याआधीचा एखादा कागद सापडलाच, तर तो रद्द समजावा.

एक. राहते घर, खोल्या दोन, धाकटीला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, एकटीच्या नावाने. तिच्या नवऱ्याने वाईट वाटून घेऊ नये. भावजी, तुम्ही तिथे खुशाल राहा, घोरा. पण एसीचा गारवा वाया जातो म्हणून तुम्ही दुकानाच्या झरोक्याला फळी ठोकलीत. नखांच्या रसायनांचा वासही त्यातूनच जातो, असे मी म्हटले, तर हसलात. झरोका ज्याला कळला नाही, त्याच्या नावावर दारेखिडक्या कशाला? फळी तुम्हीच काढायची.

दोन. बँकेतल्या पैशातून आधी दुकानात वास ओढणारा पंखा बसवावा. छताचा नव्हे, तो वास आपल्याच तोंडावर फिरवतो. पंखा टेबलालगत हवा, नाकापासून लांब ओढणारा, आणि त्याचा पाइप बाहेर मोकळ्यावर. शेजारच्या शिंप्याच्या दुकानात सोडू नये; तो भला माणूस आहे. उरेल ते धाकटीचे.

तीन. घासायचे यंत्र, कानशी, नखे सुकवायचा दिवा धाकटीला. आत काय आहे हे ज्यांवर लिहिलेले नाही त्या बाटल्या कोणालाच नाहीत. विक्रेत्याला परत कराव्यात, मोरीत ओतू नयेत. माझा मऊ ब्रश मात्र तिने खास माझी आठवण म्हणून वापरावा. आमच्या धंद्यात सगळ्यांनाच एक खोड असते. दिवसभर मास्क लावायचा, आणि नख घासून झाले की नेमका तेव्हाच तो खाली ओढून भुकटीवर फुंकर मारायची. पुढचा श्वास त्याच भुकटीत. म्हणजे पाऊस येईपर्यंत छत्री धरायची आणि आला की मिटायची. भुकटी ब्रशने झाडावी, ओल्या फडक्याने टिपावी. फुंकर लेकरांच्या खरचटलेल्या गुडघ्यांसाठी ठेवावी.

चार. तुमच्या मास्कमुळे दवाखान्यात बसल्यासारखे वाटते, असे म्हणणाऱ्या बंगल्यातल्या बाईंना माझ्याकडून काही नाही. त्यांची नखे मात्र नीट करावीत. नखांचा काय दोष?

पाच. दुकानाचा गाळा धाकटीला. माझा नवरा गेला तेव्हा घरात जो तो मला सल्ले देत होता. ही शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ताई, मलाही नखं शिकवा. तेव्हापासून ती माझ्या शेजारीच आहे. हल्ली तिला खोकला येतो. आला की ती मोरीत जाऊन नळ सोडते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. अगं बाई, माझी छाती गेली आहे, कान शाबूत आहेत. आणि माझेही असेच सुरू झाले होते.

तेव्हा अट एवढीच, की तिने डॉक्टरांना छाती दाखवावी आणि आपण दिवसभर काय हुंगतो ते न लाजता सांगावे. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. मी म्हटले, माझ्या मरणाची वाट बघत बसायला तिच्या छातीला सवड नाही. हे कलम आजपासून लागू. कायद्यात बसत नसेल तर थोरल्या जावेचा हुकूम समजावा.

हे कलम मी तिला आत्ताच वाचून दाखवले. ती बराच वेळ एकाच बाटलीचे झाकण घट्ट करत राहिली. मग म्हणाली, उद्या सकाळी गिऱ्हाईक आहे. मी फोन पुढे सरकवला. तिने लावला.

"उद्या नाही जमणार हो. आमच्या ताईंना बरं नाहीये."

मी तिच्याकडे नुसते पाहिले.

"नाही, ताईंना नाही," ती म्हणाली. "मला बरं नाहीये."

यापुढे लिहिण्यासारखे काही उरले नाही, म्हणून सही करते.

सही: थोरली जाऊ
साक्षीदार: शेजारचे शिंपी (चष्मा लावून वाचले), वकीलबाई (पाचव्या कलमाला हरकत नोंदवून)
ठिकाण: दुकान, माझे टेबल
तारीख: डॉक्टरांकडे जाण्याचा आदला दिवस