घोरण्याचे दोन निकाल

प्रिय ठमे,

तुझा फोन मुद्दामच उचलला नाही. तू हल्ली गळ्याच्या डॉक्टरची वकिली करतेस, आणि माझा या प्रकरणात कोणावरच भरवसा उरला नव्हता. तुझ्यावरही नव्हता, राग मानू नकोस.

तूच बघ. झोपेत माझा श्वास अडतो म्हणून छातीच्या डॉक्टरीणबाईंनी हॉस्पिटलात एक रात्र अंगभर तारा चिकटवून झोपवलं. निकाल काय, तर आजार बळावलाय, रोज नाकावर हवा ढकलणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपा, नुसता गळा कापून भागणार नाही. मला वाटलं, बाईंचं मास्कवाल्याशी साटंलोटं असणार. म्हणून तुझ्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, मास्क महिनाभरात कपाटात जातो, त्यापेक्षा टाळूची मागची बाजू जरा कापून ताणून घेऊ, "काका, पाइप अरुंद झालाय, एवढंच." पंप दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसापाशी पाइपाची भाषा! लोणी लावतोय, मी ओळखलं. त्यानं एक छोटं यंत्र घरी दिलं, पट्टा छातीला, चिमटा बोटाला. घरचा निकाल आला: आजार किरकोळ, छोट्या ऑपरेशनवर भागेल! गुरुवार ठरलासुद्धा.

गळा एकच, माणूस एकच, आणि निकाल दोन. कोणीतरी आपल्याला बनवतंय, हे काही डोक्यातून जाईना. बाई, डॉक्टर, यंत्र, तू, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. घरातलं एकच माणूस त्यातून सुटलं होतं.

काल दुपारी तुझी आई शेंगा सोलता सोलता बसल्या जागी पेंगली. म्हटलं, अगं, आजारी मी आणि झोप तुला? तर म्हणते कशी, "येणार नाही तर काय! रोज श्वास अडला की कोपर मारून तुम्हाला कुशीवर कोण वळवतं? घरच्या तपासणीच्या रात्री तर मी डोळ्याला डोळा लागू दिला नाही, उताणं होऊच दिलं नाही. म्हणून तर पास झालात!" आणि वर शाबासकीची वाट बघत राहिली.

हॉस्पिटलात तिचं कोपर नव्हतं, ठमे.

गुरुवार मी रद्द केलाय. कापायचं की मास्क लावायचा, यावर ती दोघं खुशाल भांडोत. आधी शनिवारी पुन्हा घरी तपासणी. ती शेजारी असली तर तिचा हात आवरायचा नाही, आणि फोनवर बोललो तर ती ऐकेल, म्हणून हे पत्र. शनिवारी तिला तुझ्याकडे ने. शिवणकाम अडलंय म्हण. जावईबापूंना इकडे सोबतीला पाठव. ते कोपर मारणाऱ्यांतले नाहीत. इतकी वर्षं घोरलो मी आणि जागली ती, हे मला काल कळलं. रविवारी सकाळी तिला उठवू नकोस. कितीही वाजू देत.

तुझाच, संशय फिटलेला
बाबा